हिरवळीची वळकटी

गेल्या आठवड्यात आमच्या वर्गात गोष्टीच्या तासाला नेपोलियनचं नाव निघालं. मी वॉटर्लूची लढाई अगदी रंगात येऊन सांगत होते, तेवढ्यात मागच्या बाकावरून एक हात वर झाला. "बाई, तेव्हा इंग्लंडमध्ये क्रिकेट होतं ना? मग लढाई चालू असताना मॅच बंद होत्या का?"

सगळा वर्ग हसला. मी मात्र गप्प, कारण उत्तर मला चटकन देता येईना. घरी येऊन पुस्तकं काढली. सापडलं ते आज तुम्हालाही सांगते.

इंग्लंड आणि फ्रान्सची १७९३ मध्ये जुंपली ती, मधल्या थोड्या विश्रांती सोडल्या तर, थेट १८१५ पर्यंत. म्हणजे सुरुवातीला पाळण्यात असलेलं बाळ शेवटी मिसरूड फुटून बंदूक खांद्यावर घेण्याएवढं झालं! इतकी वर्षं खेळ थांबवून कोण बसेल?

आता १८०५ चा ऑगस्ट बघा. समुद्राच्या पलीकडे, फ्रान्सच्या बूलोन गावाजवळ नेपोलियनची प्रचंड फौज तळ ठोकून होती. इंग्लंडवर कधी उतरते याची सगळ्यांना धास्ती. आणि त्याच महिन्याच्या २ तारखेला लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर ईटन आणि हॅरो या दोन शाळांची मुलं क्रिकेट खेळत होती. हॅरोच्या संघात सतरा वर्षांचा एक मुलगा होता, एका पायानं अधू. त्याच्यासाठी धावायला दुसरा गडी दिला होता. हाच पुढे प्रसिद्ध झालेला कवी बायरन. ईटननं एक डाव आणि दोन धावांनी सामना जिंकला. बायरननं मित्राला पत्रात लिहिलं की आपण ११ आणि ७ धावा काढल्या. धावपुस्तकात मात्र ७ आणि २! प्रगतिपुस्तक दाखवताना काहींचं होतं तसंच झालं की नाही?

बरं, 'लॉर्ड्स' म्हणजे उमरावांचं मैदान नव्हे हं. टॉमस लॉर्ड हे एका माणसाचं नाव. साधा माणूस, उमरावांच्या क्लबात पगारी गोलंदाज. त्याला क्लबातल्या दोन बड्या लोकांनी सांगितलं की तू मैदान काढ, तोटा आला तर आम्ही सोसू. त्यातले एक होते चार्ल्स लेनॉक्स. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. १७८७ मध्ये मैदान सुरू झालं.

तेव्हा गोलंदाजी हात खाली ठेवूनच करायची, आणि सामन्यांवर पैजा लागत. गिनी म्हणजे सोन्याचं नाणं, ते पन्नास-पन्नास, शंभर-शंभर लावायचे. मला स्वतःला हा पैजांचा प्रकार मुळीच आवडत नाही, पण त्यातूनच १८१० मध्ये एक धमाल झाली. दोघांविरुद्ध दोघे असा सामना ठरला. एकीकडे लॉर्ड फ्रेडरिक बोक्लर्क आणि हॉवर्ड, दुसरीकडे ऑस्बाल्डेस्टन आणि लॅम्बर्ट. बोक्लर्क धर्मोपदेशक, पण महा रागीट, आणि पैजा मारण्यात पुढे. लॅम्बर्ट पैसे घेऊन खेळणारा साधा खेळाडू. ऐन वेळी ऑस्बाल्डेस्टन आजारी पडला. त्यानं सामना पुढे ढकलायची विनंती केली. बोक्लर्क म्हणाले, खेळा, नाहीतर पैजेचे पैसे टाका!

मग काय, लॅम्बर्टच जवळजवळ एकटा खेळला. त्या काळी वाइड चेंडूला धाव मिळत नसे. लॅम्बर्ट मुद्दाम बोक्लर्कांना दूरदूर चेंडू टाकत राहिला. साहेब चिडले, आणखी चिडले, आणि चिडलेला फलंदाज कसा खेळतो ते तुम्हाला माहीत आहेच. मग लॅम्बर्टनं एक सरळ चेंडू टाकून त्यांचा त्रिफळा उडवला. सामना १५ धावांनी खिशात! पुढच्याच वर्षी वाइडचा नियम झाला. आज पंच दोन्ही हात पसरतात ना, त्याचं मूळ या भांडणात आहे.

पण याच सुमाराला खेळाला उतरती कळा लागली. १८११ ते १८१३ या तीन हंगामांत मोठे सामने जवळजवळ झालेच नाहीत. सामन्यांचा खर्च उचलणारे उमराव कुणी सैन्यात, कुणी कर भरून जेरीस आलेले. गावोगावचे दणकट जवान आरमारात नाहीतर पलटणीत. पिकं बुडाली होती, पाव महाग झाला होता. चूल पेटायची पंचाईत, तिथं बॅट कोण घेणार?

तरीसुद्धा १८११ च्या ऑक्टोबरात लंडनजवळ बॉल्स पाँड इथं बावीस बायका मैदानात उतरल्या. हॅम्पशायरच्या अकरा, सरेच्या अकरा, तरुण आणि वयस्कर सगळ्याच. रोलंडसन या चित्रकारानं त्यांचं थट्टेखोर चित्र काढलं. काढू दे! त्यामुळेच आज आपल्याला त्या दिसतात.

इकडे टॉमस लॉर्डचं वेगळंच दुखणं. शहर वाढलं, जागेचं भाडं वाढलं. त्यानं सेंट जॉन्स वुड भागात दुसरी जागा घेतली आणि जुन्या मैदानातली हिरवळ मुळांसकट काढून तिकडे नेऊन लावली. अंथरुणाची वळकटी करून बिऱ्हाड हलवावं तसं! ही जागा खेळाडूंना फारशी रुचली नाही. त्यातच १८१३ मध्ये ठरलं की नवा कालवा नेमका मैदानातून जाणार. लॉर्डनं पुन्हा हिरवळ उचलली. म्हणजे सामने घटले त्याला लढाई कारण होतीच, पण लढाईवरच सगळं ढकलता येत नाही. तिसऱ्या मैदानावर पहिला सामना झाला २२ जून १८१४ ला. तेव्हा नेपोलियन एल्बा बेटावर अडकला होता.

तो निसटला, आणि पुन्हा लढाई. १८१५ च्या जूनमध्ये इंग्रज फौज ब्रसेल्सच्या आसपास होती. सेनापती वेलिंग्टन. आपल्या जालना जिल्ह्यातल्या आसईला १८०३ मध्ये शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली, तोच हा. लढाईला आठवडा उरला असेल-नसेल, आणि हे महाशय आंगियां गावी क्रिकेटचा सामना बघायला गेले! सोबत होती लेडी जेन लेनॉक्स ही मुलगी. लॉर्डच्या मैदानाची हमी घेणाऱ्या चार्ल्स लेनॉक्सची लेक ती. चार्ल्स आता रिचमंडचे ड्यूक होते आणि ब्रसेल्समध्येच राहत. त्यांच्या घरच्या शिक्षकानं त्या दिवसांत पत्रात लिहिलं होतं की वेलिंग्टनकडे बघून लढाई जवळ आली आहे असं कुणालाच वाटणार नाही. मला वाटतं, सेनापती निर्धास्त दिसला की फौज आणि गावही निर्धास्त राहतं, हे त्याला पक्कं ठाऊक असावं.

१८ जूनला वॉटर्लू झालं. संध्याकाळपर्यंत दोन्हीकडचे हजारो पडले.

ऑगस्टमध्ये लंडनला लॉर्डच्या तिसऱ्या मैदानावर एप्सम आणि मिडलसेक्स यांचा सामना झाला. एप्समच्या वुडब्रिज आणि लॅडब्रोक या दोघांनी शतकं ठोकली, या नव्या मैदानावरची पहिली. पायाखाली होती ती दोनदा उचलून आणलेली हिरवळ.