गुप्तदान आणि गुप्त हिशेब

देवदर्शनास गेलेल्या माणसाने देवाकडे पाहावे, भिंतींकडे पाहू नये, असे आमचे वडीलधारे सांगत. परंतु अलीकडे आमच्या देवालयांच्या भिंतीच भाविकांकडे पाहू लागल्या आहेत, त्यास इलाज काय? सभामंडपात पाऊल ठेवावे तो फरशीवर अमक्याच्या स्मरणार्थ, खांबावर तमक्याच्या स्मरणार्थ. घंटेवर नाव, समईवर नाव, बाकावर नाव. फार काय, छतास टांगलेल्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर दात्याचे नाव रंगविलेले असते आणि पंखा फिरू लागला म्हणजे ते वाचता येत नाही, एवढाच काय तो त्या दात्याचा निरहंकार! या साऱ्या अक्षरसंभारात एक गोष्ट मात्र शोधूनही सापडत नाही. गतवर्षी या देवालयात किती रुपये आले आणि ते कशाकशावर वेचले गेले, हे सांगणारा हातभर कागद.

असा कागद का नाही, हे आम्ही एका जत्रेच्या वेळी, पावणी आटोपून मंडळी पांगत असता, एका वृद्ध महाजनांस विचारले होते. ते दुखावले. "देवाक कोण हिशोब विचारता रे?" एवढेच म्हणाले आणि तीर्थ घेण्यास वळले. त्यांच्या भक्तीविषयी आमच्या मनात तेव्हाही शंका नव्हती व आजही नाही. परंतु हिशेब देवास विचारलाच नव्हता. देवाच्या नावाने जे पैसे घेतात त्यांस विचारला होता. हा साधा भेद आमच्या समाजाने बुद्ध्या पुसून टाकला आहे, असे आमचे म्हणणे आहे.

पुसण्याच्या कामी जो शब्द राबविला जातो तो मोठा पवित्र आहे. तो शब्द म्हणजे गुप्तदान. संक्रांतीस तिळाच्या लाडवात नाणे दडवून तो लाडू देण्याची चाल आमच्या आयाबहिणींनी पाळली. तिचा हेतू स्वच्छ होता: देणाऱ्यास गर्व होऊ नये आणि घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये. धर्माने गुप्ततेचा हा अधिकार दोघांनाच दिला, दात्यास आणि याचकास. परंतु दान जेव्हा लाडवातून निघून फंडपेटीत पडू लागले, तेव्हा या दोघांच्या मध्ये एक तिसरा येऊन बसला. तो कारभारी. त्याला गुप्ततेचा अधिकार कोणत्या शास्त्राने दिला? दात्याचे नाव झाकून ठेवावे, ते पुण्यकर्म आहे. खर्च झाकून ठेवणे हे कोणत्या पुण्याच्या खाती जमा करावयाचे?

एखाद्या देवळाची फंडपेटी चोरांनी फोडली म्हणजे वर्तमानपत्रात बातमी येते आणि तिच्या शेवटी बहुधा एक वाक्य असते: पेटीत नेमकी किती रक्कम होती ते समजू शकले नाही. वाचक हळहळतात आणि पान उलटतात. आम्ही त्या वाक्याशी थबकतो. चोरी झाली नसती, तरी ते समजले असते काय?

आणि जाहीर नोंदीची चाल आपल्याकडे परकीयांनी आणली, असेही कोणी म्हणू नये. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात चौऱ्याऐंशीचा शिलालेख म्हणून एक शिळा आहे. शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ. स. १२७३ ते १२७७, या काळात देवास ज्यांनी द्रव्य दिले त्यांची नावे व त्यांनी दिलेल्या रकमा तीवर कोरल्या आहेत. त्यांत रामदेवराव यादव आहे, हेमाद्री पंडित आहे आणि इतिहासात अन्यत्र ज्यांचे नाव कधीच येणार नाही असे सामान्य भाविकही आहेत. कोणी काय दिले, हे येणाऱ्या-जाणाऱ्यास वाचता यावे म्हणून ते दगडावर घातले गेले. पुढे काय झाले? त्या शिळेस पाठ घासली असता चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी समजूत रूढ झाली आणि शतकानुशतके वारकऱ्यांच्या पाठी घासून अक्षरे झिजली. हिशेबाचा दगड वाचावयाचा होता. आम्ही त्याला पाठ दाखविली. आमच्या सार्वजनिक जीवनाचे याहून नेमके चित्र आम्हांस तरी ठाऊक नाही.

गोव्यातील देवस्थानांस हिशेबाचे बंधनच नाही असे मात्र नव्हे. पोर्तुगीज अमदानीत १९३३ साली झालेला महाजनीचा कायदा १९६१ च्या मुक्तीनंतरही चालूच राहिला व आजही चालू आहे. तालुक्याचा मामलेदार हा देवालयांचा प्रशासक. समितीने अंदाजपत्रक आणि जमाखर्च त्याच्यापुढे ठेवावयाचा. (ज्या राजवटीने सोळाव्या शतकात आमची देवळे पाडली, तिनेच पुढे आमच्या देवळांच्या वह्या तपासण्याची व्यवस्था लावावी, हा काळाचा विनोद आम्ही निमूटपणे गिळतो.) पण या व्यवस्थेत हिशेब जातो तो वर, कचेरीत. तो खाली, सभामंडपात, उतरत नाही. फार तर महाजनांच्या सभेपर्यंत पोहोचतो, आणि महाजनकी तर वंशपरंपरेची. जो पालखीला खांदा देतो, जी बाई पहाटे अंगण सारवून फुले आणते, जो मुंबईहून वर्षातून एकदा येऊन अग्रशाळेत उतरतो आणि जाताना शंभराच्या चार नोटा पेटीत टाकतो, त्यांपैकी अनेकांचे नाव महाजनांच्या यादीत नाही. त्यांचे पैसे चालतात. त्यांचा प्रश्न चालत नाही. आता तर पेटीच्या शेजारी क्यूआर कोडचा फलक लागला आहे. मोबाइल धरला की क्षणात रक्कम खात्यात जमा होते आणि त्याच क्षणी दात्यास तिची पोचही मिळते. घेण्याचे काम इतके चोख झाले. सांगण्याचे काम जेथे होते तेथेच आहे. काही देवस्थाने आपला जमाखर्च छापून वाटतात, त्यांस आम्ही मनःपूर्वक धन्यवाद देतो. त्यांच्याकडील भक्ती त्यामुळे कमी झाली, असे आमच्या ऐकण्यात नाही.

"अशा चर्चेने सरकारचे फावेल, उद्या देवस्थान सरकार ताब्यात घेईल," अशी भीती काही सज्जन घालतात. भीती खोटी नाही, परंतु तिचे निदान उलटे आहे. पंढरपूरच्या बडव्या-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क नाडकर्णी आयोगाच्या चौकशीनंतर १९७३ च्या कायद्याने काढून घेण्यात आले आणि त्यावरील न्यायालयीन झगडा २०१४ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयात संपला. ते हक्क प्रश्न विचारणाऱ्यांमुळे गेले, की प्रश्न विचारण्याची वेळ येऊ दिल्यामुळे? सरकारी माणूस आला म्हणजे कारभार आपोआप शुद्ध होतो, असा भाबडा विश्वास आम्ही बाळगीत नाही. म्हणूनच तर म्हणतो, तो येण्यापूर्वी आपल्या वह्या आपणच उघडा.

इंदूरच्या वाचकांस याहून जवळचे उदाहरण देता येईल. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ या काळात काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, मंदिरे, धर्मशाळा उभारल्या. तो खर्च दौलतीच्या खजिन्यातून नव्हे, तर खासगीच्या उत्पन्नातून केला, अशी त्यांची ख्याती आहे. खासगी आणि दौलत यांच्यातील रेघ ज्या बाईने स्वतःच्या कारभारात पाळली, तिच्या दानधर्माचा वारसा सांभाळण्यासाठी १९६२ साली न्यास झाला. त्याच्या मालमत्तेच्या, विशेषतः हरिद्वारच्या घाटाजवळील जागेच्या विक्रीवरून वाद उठला. उच्च न्यायालयाने २०२० साली ती मालमत्ता सरकारची ठरविली. २१ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मालमत्ता सरकारची नव्हे. परंतु न्यास सार्वजनिक आहे, त्याची मध्यप्रदेशच्या १९५१ च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदणी झाली पाहिजे आणि विक्रीच्या व्यवहारांत न्यासाचे नुकसान झाले काय, हे निबंधकाने पाहावे. आम्ही येथे कोणास दोषी ठरवीत नाही. तो आमचा अधिकार नव्हे. आम्हांस त्या निकालातील विवेक महत्त्वाचा वाटतो. देवाची मालमत्ता ना सरकारच्या मालकीची, ना विश्वस्तांच्या. खासगी हा शब्द नावात आहे, म्हणून हिशेब खासगी होत नाही.

देवळातून आम्ही आता राजकारणात शिरणार आहोत, आणि हे विषयांतर आहे असे ज्यांस वाटेल त्यांनी गुप्तदान या शब्दाकडे पुन्हा पाहावे. २०१८ साली निवडणूक रोखे निघाले. १,००० रुपयांपासून १ कोटी रुपयांपर्यंतचे रोखे स्टेट बँकेच्या ठराविक शाखांतून घ्यावयाचे आणि आवडत्या पक्षास द्यावयाचे. देणाऱ्याचे नाव मतदारास कळणार नाही. हेच ते गुप्तदान, लाडवाऐवजी रोख्यात दडविलेले! पण येथे दात्याचा गर्व झाकावयाचा नव्हता, त्याचा हेतू झाकावयाचा होता. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने ही योजना घटनाबाह्य ठरविली आणि पुढल्या महिन्यात नावांच्या याद्या देशापुढे आल्या. तरीही २०,००० रुपयांपर्यंतची देणगी कोणी दिली, हे निवडणूक आयोगास कळविण्याचे बंधन पक्षांवर नाही. केंद्रीय माहिती आयोगाने २०१३ साली सहा राष्ट्रीय पक्षांस माहितीच्या अधिकाराच्या कक्षेत धरले, तो आदेश त्या पक्षांनी मनावर घेतला नाही. परस्परांचे तोंडही न पाहणारे पक्ष या एका बाबतीत कसे एकदिलाने वागले!

यावर आम्ही चहाच्या दुकानात आवेशाने बोलतो. केंद्राच्या कायद्याच्या आठ वर्षे आधी, १९९७ साली, गोव्याने माहितीच्या अधिकाराचा कायदा केला, हेही अभिमानाने सांगतो. आणि त्याच संध्याकाळी उत्सवाची वर्गणी मागावयास मुले आली की पावतीवर आकडा घातला आहे काय, हे न पाहता ती खिशात कोंबतो. विचारले तर वाईट दिसेल! पन्नास रुपयांचा आकडा विचारताना ज्याची जीभ अडखळते, तो कोटींचा आकडा कोणत्या तोंडाने विचारणार? ग्रामसभेत प्रश्न करणाऱ्यास "हा कोणत्या पक्षाचा?" असे विचारले जाते, देवळाच्या सभेत "हा कोणाच्या गटाचा?" असे. प्रश्नास उत्तर कोठेच मिळत नाही, फक्त प्रश्नकर्त्याचे कूळ शोधले जाते.

गांधीजींनी १९२९ साली स्वतःच्या वृत्तपत्रात जाहीर केले की कस्तुरबांनी भेट मिळालेले चार रुपये आश्रमात जमा न करता आपल्याजवळ ठेवले होते. चार रुपयांसाठी पत्नीची अशी जाहीर नाचक्की करणे आम्हांस रुचत नाही, हे स्पष्ट सांगतो. ज्या बाईने आपले सर्वस्व त्या आश्रमात ओतले, तिच्यावरच एवढा कठोर न्याय का? परंतु लोकांचा पैसा चार रुपये असला तरी लोकांचाच, हे म्हणणारा नेता आपल्या घरापासून सुरुवात करीत होता, एवढे मान्य करावेच लागते. आमच्याकडे सुरुवात नेहमी शेजाऱ्याच्या घरापासून होते.

सर्वांत मोठा आक्षेप राहिला. "आम्ही पदरमोड करून, मानधन न घेता देवाची सेवा करतो आणि वर आमच्यावर संशय?" हा आक्षेप प्रामाणिक माणसाचा असतो, म्हणून त्यास उत्तर दिलेच पाहिजे. उत्तर म्हणून आम्ही एका गृहस्थांची हकीकत सांगतो. देवालयाचे नाव सांगत नाही.

हे गृहस्थ बावीस वर्षे देवस्थानचे खजिनदार होते. दरवर्षी सभेत ते हिशेबाची वही घेऊन उभे राहत, चष्मा लावीत, पहिली ओळ वाचीत आणि कोणीतरी मागून म्हणे, "वाचले असे समजण्यात यावे." सर्वांचे हात वर होत. आमचाही होत असे. जेवणाची पाने मांडलेली असत. पुढे त्यांच्या मुलाने आखातातून पैसे पाठविले आणि घरावर एक मजला चढला. त्या दिवसापासून गावाने कुजबुज सुरू केली. तोंडावर कोणी बोलले नाही. देवाचा पैसा, देव बघून घेईल, असे पाठीमागे म्हणत राहिले. एका वर्षी त्यांनी सभेत हट्टच धरला की हिशेब पुरता वाचीन, एक ओळही गाळणार नाही. तेव्हाही "समजण्यात यावे" झाले. त्यांनी वही मिटली आणि त्या वर्षाअखेर पद सोडले. चार वर्षांनी वारले.

त्यांच्या मागे मुलाने वह्या उघडल्या. कीर्द, खतावणी, पावत्यांचे गठ्ठे, सारे तारीखवार. ज्या वर्षी पाऊस लांबून जत्रेचे उत्पन्न बुडाले, त्या वर्षी तेल, वाजंत्री आणि पुरोहितांची दक्षिणा यांच्यापुढे समासात बारीक अक्षरात लिहिलेले होते, "स्वतःकडून". असे एके ठिकाणी नव्हे, अनेक ठिकाणी. मुलाने समितीस कळविले की वह्या येऊन पाहा, वाटल्यास घेऊन जा. समितीने उत्तर दिले की आता त्याची आवश्यकता नाही, कोणाची काही तक्रार नाही.

त्या वह्या त्याच्या माळ्यावर पत्र्याच्या पेटीत आहेत. दर पावसाळ्यानंतर वाळवी लागू नये म्हणून तो त्या उन्हात घालतो आणि पुन्हा पेटीत ठेवतो. पाहावयास अद्याप कोणी गेलेले नाही.