लो व्होल्टेजवर स्टॅबिलायझर हा वाडीचा उपाय नव्हे

16 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा विजेचे खांब आडवे झाले आणि मालवण, देवगड, वेंगुर्ल्यातील अनेक गावे काळोखात गेली. खांब पडला की त्याची बातमी होते. पण खांब उभा आहे, तारेत वीज आहे आणि तरीही पंखा रखडत फिरतो, विहिरीवरची मोटार नुसती गुणगुणते, याची बातमी होत नाही. मे महिन्यात आणि चतुर्थीला चाकरमानी आले, बंद घरे उघडली, की अनेक वाड्यांना हा अनुभव येतो. त्यावर घरोघरी एकच उपाय ठरलेला : स्टॅबिलायझर. त्या घरापुरता तो चालतो. वाडीचे दुखणे मात्र त्याने वाढते.

याचे कारण एका साध्या गुणाकारात आहे. व्होल्टेज म्हणजे विजेचा दाब. पाण्याची टाकी जितकी उंच, तितका नळाला जोर, तसा. करंट म्हणजे तारेतून प्रत्यक्ष वाहणारा प्रवाह. दोहोंचा गुणाकार म्हणजे पॉवर, जी वॅटमध्ये मोजतात आणि जिच्यावर उपकरणाचे काम चालते. 230 व्होल्टवर 7 अँपिअर घेणारा एसी ढोबळ हिशेबाने 1610 वॅट वापरतो. दाब 161 व्होल्टवर आला आणि तेवढेच काम हवे असेल, तर त्याच 1610 वॅटसाठी 10 अँपिअर लागतात. दाब घटला, म्हणून प्रवाह वाढला.

स्टॅबिलायझर नेमके हेच करतो. तो वीज निर्माण करत नाही. आत 230 व्होल्ट देण्यासाठी तो बाहेरच्या तारेतून जास्त करंट ओढतो. तारेला स्वतःचा रोध असतो. करंट वाढला की वाटेतच जास्त व्होल्टेज गळते आणि तारेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 7 चा वर्ग 49, 10 चा वर्ग 100. म्हणजे करंट दीडपटही झाला नाही, तोच नुकसान दुपटीवर गेले. समजा, पहिल्या चार घरांनी मोठे स्टॅबिलायझर लावले, तर शेवटच्या घराचा दाब आणखी उतरतो. मग तेही स्टॅबिलायझर आणते. शेवटी पैसे सगळ्यांचे जातात आणि तार आणखी तापते.

प्रत्येक उपकरण कमी दाबाला सारखे वागत नाही. 2000 वॅटचा गिझर 161 व्होल्टवर जेमतेम 980 वॅट देतो. पाणी कोमट राहते, गिझरला काही होत नाही. पंपाचे तसे नाही. पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचे असते, म्हणून मोटार जास्त करंट घेते आणि तिचे वाइंडिंग तापते. मोटार सुरूच झाली नाही, तर करंट कित्येक पट होतो आणि ती काही वेळात जळू शकते. गुणगुणणारी मोटार ताबडतोब बंद करावी, ती याचसाठी.

खरा धोका पुढे आहे. वाढलेल्या करंटने फ्यूज उडतो आणि मग कोणीतरी त्यात जाड तार घालतो. त्यानंतर फ्यूजऐवजी भिंतीतली वायर तापते. शिवाय स्टॅबिलायझर यंत्राला जपतो, माणसाला नाही. पावसाळ्यात ओल्या हाताला बसणाऱ्या धक्क्यात जीव जातो तो शरीरातून गेलेल्या करंटने. त्यापासून वाचवायला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि चांगले अर्थिंग लागते. घरात पैसे घालायचेच असतील, तर ते आधी तिथे घालावेत.

ज्याच्या फ्रिजमध्ये इन्सुलिन आहे, त्याने स्टॅबिलायझर लावू नये असे कोणी म्हणणार नाही. फ्रिजचा भार लहान असतो आणि दाब फारच घसरला तर अनेक स्टॅबिलायझर पुरवठा तोडून फ्रिज वाचवतात. प्रश्न आहे तो एसी आणि पंपांच्या मोठ्या भाराचा.

त्याचा उपाय रोहित्र, म्हणजे डीपी, वाडीजवळ आणणे हा आहे. तीच पॉवर 415 ऐवजी 11 हजार व्होल्टवर नेली, तर करंट सुमारे सव्विसावा हिस्सा लागतो. उच्चदाबाची तार वाडीपर्यंत आणि लघुदाबाची तार आखूड, ही पद्धत महावितरणने कृषिपंपांसाठी वापरली आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये लांबच लांब पसरलेली देवबागसारखी वस्ती असेल, तर तिथे ती अधिकच हवी.

मात्र गावानेही हिशेब खरा द्यायला हवा. 63 केव्हीएचे रोहित्र, दुसरा काहीच भार नसला तरी, वरच्या उदाहरणातले 39 एसी पेलते. तीन-चार खोल्यांची दहा-बारा निवासस्थाने झाली की तेवढे एसी भरतात. कागदावर मंजूर भार जुन्या घराचा आणि आत चार एसी, असे असेल तर रोहित्राची मागणी कशाच्या आधारे मंजूर व्हावी?

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या मानकांनुसार घरगुती दाबात सहा टक्क्यांपर्यंत फरक चालतो, म्हणजे 216 ते 244 व्होल्ट. वाडीने प्लगमध्ये लावायचा साधा व्होल्टमीटर आणावा, आठवडाभर संध्याकाळी सात ते दहाचे आकडे तारीख-वेळेसह लिहावेत, सर्वांचा वाढीव भार नोंदवावा आणि एकत्र सह्यांचा अर्ज द्यावा. ‘लाइट डिम आहे’ या तक्रारीला उत्तर मिळाले नाही, तरी आठ दिवसांच्या आकड्यांना ते द्यावेच लागेल.