सफारीचे छायाचित्र : पाठविण्यापूर्वी थोडा विचार

जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत पूर्व आफ्रिकेतील सेरेंगेटी आणि मसाई मारा या लगतच्या गवताळ प्रदेशांत विल्डबीस्ट व झेब्रा यांचे लाखोंचे कळप मारा नदी ओलांडीत असतात. त्याच महिन्यांत आपल्याकडील अनेक कुटुंबांच्या व्हॉट्सॲप समूहांवर सिंह, हत्ती, जिराफ आणि चित्ते अवतरू लागतात. जैन भोजनाची सोय करून देणाऱ्या सहली मिळू लागल्यापासून आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे घर केनिया-टांझानियाला जाऊन येते. परत आल्यावर शेकडो छायाचित्रांतून निवडक पन्नास पाठविली जातात, कौतुक होते आणि सहल पुन्हा एकदा अनुभवली जाते. या आनंदात वावगे काहीच नाही. मात्र पाठविलेले छायाचित्र पाहणाऱ्यापाशीच थांबत नाही. त्याचे परिणाम ज्या प्राण्याचे ते छायाचित्र असते त्याच्यापर्यंत परत पोहोचतात, आणि त्या परिणामांचा विचार क्वचितच होतो.

'सफारी' हा स्वाहिली भाषेतील शब्द. त्याचा अर्थ केवळ प्रवास. मूळ अरबी 'सफर'. मराठीतील 'सफर' त्याच कुळातली. स्वाहिलीत दुकानाला 'डुका' म्हणतात, तोही शब्द आपल्या 'दुकान'चा सोयरा. जामनगर परिसरातील हालारी ओसवाल कुटुंबे शतकभरापूर्वी मोंबासा-नैरोबीच्या बाजूस जाऊन स्थिरावली आणि त्यांच्या पेढ्या तेथे नावारूपास आल्या. म्हणजे ही भूमी व्यापारी समाजाला परकी नाही. परंतु त्याच काळात युरोप-अमेरिकेतील श्रीमंतांसाठी 'सफारी'चा अर्थ शिकार असा झाला. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आणि त्यांचे पुत्र करमिट यांनी १९०९-१० च्या आफ्रिका मोहिमेत दोघांत मिळून ५१२ प्राणी मारले, आणि त्याची यादी रूझवेल्ट यांनी स्वतः छापली. करमिट हे त्या मोहिमेचे छायाचित्रकारही होते. बंदूक आणि कॅमेरा त्या वेळी एकाच हातात नांदत होते.

पुढे बंदूक मागे पडली. केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातली आणि सफारीला निघालेल्या माणसाच्या हाती केवळ कॅमेरा उरला. जीवदयेच्या दृष्टीने हा बदल फार मोठा होय. त्यामुळेच एक समजूत रूढ झाली की कॅमेरा सर्वथा निरुपद्रवी आहे. ती समजूत पूर्णपणे खरी नाही.

चित्त्याच्या भोवतीची गर्दी

चित्ता हा वेगवान असला तरी बलवान नव्हे. सिंह आणि तरस त्याचे भक्ष्य हिसकावून घेतात. त्यांना टाळण्यासाठी तो बहुधा दिवसा शिकार करतो, आणि पर्यटकांच्या गाड्याही दिवसाच फिरत असतात. पिल्ले सुमारे दीड वर्ष आईवर अवलंबून असतात. एकटी आई त्यांना गवतात लपवून शिकारीस निघते. त्या वेळी चार बाजूंनी गाड्या आल्या, तर हरणे सावध होतात, तिची धाव वाया जाते आणि पिल्लांना उपाशी राहावे लागते.

मसाई मारा परिसरातील चित्त्यांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पर्यटकांची वर्दळ कमी असलेल्या भागांत चित्त्याच्या मादीची एका वेतातील सरासरी २.३ पिल्ले स्वतंत्र होण्याच्या वयापर्यंत जगली. वर्दळ अधिक असलेल्या भागांत ही सरासरी केवळ ०.२ होती. हिशेबाच्या भाषेत सांगायचे, तर दहा वेतांमागे एकीकडे तेवीस पिल्ले आणि दुसरीकडे दोन. या पर्यटकांपैकी कोणीही चित्त्यावर दगडसुद्धा उचलला नव्हता. ते केवळ पाहत होते आणि छायाचित्रे घेत होते.

मसाई मारात नियम आहेत : एका प्राण्याजवळ एका वेळी पाचांहून अधिक गाड्या नसाव्यात आणि किमान पंचवीस मीटरचे अंतर राखावे. नियम मोडतो तो चालक, असे वरकरणी दिसते. परंतु चालकाची बक्षिसी प्रवाशाच्या समाधानावर ठरते, आणि प्रवाशाचे समाधान त्याने घरी पाहिलेल्या छायाचित्रांवर. मागच्या वर्षी कोणा आप्ताने चित्त्याचा चेहरा चौकटभर दिसेल असे छायाचित्र पाठविलेले असते. या वर्षी जाणाऱ्याला तेवढेच जवळचे, किंबहुना त्याहून जवळचे हवे असते. व्यापारी घराण्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. मागणी असते तसा माल येतो. समूहावर पाठविलेले प्रत्येक अतिजवळचे छायाचित्र म्हणजे पुढच्या प्रवाशाच्या वतीने नोंदविलेली मागणीच होय.

शिवाय या मागणीची खरी किंमत छायाचित्रात दिसत नाही. चौकटीत एकटा चित्ता असतो आणि भोवतीच्या वीस गाड्या चौकटीबाहेर राहतात. कधी कोणी उलट करतो, तेव्हा त्याचा उपयोगही होतो. जुलै २०२५ मध्ये सेरेंगेटीत पर्यटक गाड्यांतून उतरून नदीच्या काठापर्यंत गेले आणि विल्डबीस्टच्या कळपाची वाट अडली. ती दृश्ये कोणीतरी टिपून प्रसारित केली, जगभर टीका झाली आणि टांझानियाच्या उद्यान-प्रशासनाला त्याची दखल घ्यावी लागली. गर्दीचे छायाचित्र सुंदर नसते, परंतु ते खरे असते.

गेंड्याचा पत्ता

गेंड्याच्या बाबतीत धोका अधिक थेट आहे. आफ्रिकेतील काळ्या गेंड्यांची संख्या १९६० च्या सुमारास एक लाखाच्या घरात मानली जाई. १९९५ पर्यंत ती अडीच हजारांच्याही खाली आली. कठोर पहाऱ्यामुळे आज ती सहा हजारांच्या पुढे गेली आहे. उत्तरेकडील पांढऱ्या गेंड्याचा शेवटचा नर 'सुदान' केनियातील ओल पेजेटा येथे १९ मार्च २०१८ रोजी मरण पावला, आणि नाजिन व फातू या दोन माद्याच आता मागे उरल्या आहेत. हे सारे शिंगाच्या लोभापायी घडले, आणि शिंग तर आपल्या नखांप्रमाणेच केराटिनचे असते.

मोबाइलमध्ये 'लोकेशन' सुरू असेल, तर छायाचित्राच्या फाइलमध्येच जागेचे अक्षांश-रेखांश आणि वेळ यांची नोंद होते. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने छायाचित्र पाठविल्यास ती नोंद सहसा गळून पडते. मात्र उत्तम दर्जा राखण्यासाठी तेच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठविले, तर नोंद जशीच्या तशी पुढे जाते. त्याहून सोपी चूक म्हणजे छायाचित्राखाली उत्साहाने पाणवठ्याचे नाव आणि 'आज सकाळी' असे लिहिणे. चोरट्या शिकाऱ्याला एवढीच माहिती पुरते. दक्षिण आफ्रिकेतील काही अभयारण्यांत या कारणासाठी पर्यटकांना लोकेशन बंद ठेवण्याची विनंती केली जाते. गेंड्याचे छायाचित्र पाठवावयाचे असेल, तर देशाचे नाव पुरेसे आहे, आणि तेही घरी परतल्यावर.

छायाचित्राचा सदुपयोग

या चित्राची दुसरी बाजूही आहे. उत्तर केनियात ग्रेव्ही झेब्रा नावाची दुर्मीळ जात राहते : अंगावर अरुंद पट्टे, मोठे गोल कान आणि पांढरे पोट. माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणे प्रत्येक झेब्र्याचे पट्टे निराळे असतात. जानेवारी २०१६ मध्ये स्थानिक रहिवासी, विद्यार्थी आणि हौशी मंडळी यांनी दोन दिवस फिरून या झेब्र्यांची चाळीस हजारांहून अधिक छायाचित्रे घेतली. डाव्या आणि उजव्या बाजूचे पट्टे सारखे नसतात, म्हणून सर्वांनी उजवी बाजूच टिपावयाची, असे ठरले होते. संगणकाने पट्टे ताडून पाहिले आणि एकाही प्राण्याला स्पर्श न करता गणती झाली : सुमारे २,३५० झेब्रे. या कॅमेऱ्यांतही जागेची नोंद होत होती. गेंड्याच्या बाबतीत जी नोंद घातक, तीच येथे उपकारक ठरली, कारण ती योग्य हाती गेली. हत्तीच्या कानांच्या कडांवरील फाटे आणि शिरांची नक्षी यांवरूनही संशोधक एकेक हत्ती ओळखतात. अशा कामासाठी पर्यटकांची छायाचित्रे स्वीकारली जातात का, याची चौकशी सहलीच्या आधी करता येते.

शिकारीच्या दृश्यांविषयीही चार शब्द आवश्यक आहेत. सिंह हरणाला धरतो ते चित्र काहींना थरारक वाटते, तर घरातील वडीलधाऱ्यांना आणि लहानांना क्लेश देते. असे चित्र सर्वांच्या समूहावर न विचारता टाकू नये, हा साधा विवेक होय. आणि एखाद्या मुलाने पाहिलेच, तर सिंहाला दुष्ट म्हणू नये. त्याच्यापुढे अन्नाचा पर्याय नाही. माणसापुढे असतो, आणि हाच फरक मुलाला समजावून सांगण्याजोगा आहे.

छायाचित्रे अवश्य पाठवावीत. दूरचे, भोवतालचे गवत आणि आकाश दाखविणारे छायाचित्र निवडावे आणि ते किती अंतरावरून घेतले तेही खाली लिहावे, म्हणजे पुढे जाणाऱ्याची अपेक्षा त्याच मापाची होईल. लेन्स मोठी असावी, गाडी जवळ नसावी. आणि सहलीच्या पहिल्याच सकाळी चालकाला स्पष्ट सांगावे की प्राण्याजवळ पाच गाड्या आधीच उभ्या असतील, तर आपली गाडी पुढे नेऊ नये, आणि शेवटच्या दिवशीची बक्षिसी त्यामुळे कमी होणार नाही, उलट वाढेल.