वरचे दूध: गाईचे की डब्याचे?

बाळ सहा महिन्यांचे झाले आणि अंगावरचे दूध सुटले, की घरात दोन तट पडतात: आजी गाईच्या दुधाची, सूनबाई डब्याची. वर्षाच्या आत डबा उजवा, कारण गाईच्या दुधात लोह फारच कमी. पण डबा पुरवण्यासाठी पाणी वाढवले, तर बाळ उपाशीच राहते. त्यापेक्षा उकळलेले, पाणी न घातलेले गाईचे दूध बरे. जोडीला डॉक्टरांना विचारून लोहाचे थेंब. वर्षानंतर वाद उरत नाही. एक ते दोन वर्षांच्या मुलांना साधे दूध द्या, ‘फॉलो-अप’ पावडर नको, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले. तरी महागडे डबे घरी येतातच! दूधही दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवावे. पोट त्यानेच भरले, तर वरण-भात आणि अंडे ताटात तसेच राहते.