स्कोअर, रेमडेसिवीर आणि ट्रॉलीवरची स्वस्त कुपी

२०२१च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या लाटेत, लातूरजवळच्या मुरुडला कुणाच्या पेशंटची विचारपूस केली, तर पहिला प्रश्न असायचा, ‘सीटी स्कॅनचा स्कोअर किती आला?’ आणि लगेच दुसरा, ‘रेमडेसिवीर मिळालं का?’ हातात चिठ्ठी पडली की घरातला तरणा माणूस बार्शी रोडने लातूर गाठायचा. तिथे नाही मिळालं तर सोलापूर, पुणे, ओळखीचा एमआर, ओळखीचा पुढारी. टंचाई एवढी, की ११ एप्रिलला केंद्राने या इंजेक्शनची निर्यातच थांबवली. लोकांनी उसनवारी केली, काळ्या बाजारात पैसे मोजले. त्यांना मी कधीच नावं ठेवणार नाही. समोर आपला माणूस धापा टाकत होता.

पण जीव वाचवणारं औषध वॉर्डातल्या ट्रॉलीवरच होतं. डेक्सामेथासोन. काही रुपयांची कुपी, साठ वर्षं वापरातलं स्टेरॉइड. ऑक्सफर्डच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने जून २०२०मध्येच दाखवलं होतं, की रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस दिलं तर व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू एक-तृतीयांशाने घटतात, ऑक्सिजनवरच्यांचे एक-पंचमांशाने. रेमडेसिवीरचा हिशेबही तोवर लागला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सॉलिडॅरिटी’ चाचणीत ३० देशांतले ११ हजारांवर रुग्ण होते. ऑक्टोबर २०२०मध्ये निकाल आला: मृत्यू टळण्यात जवळपास फरक नाही. पुढे अंतिम निकालात ऑक्सिजनवरच्या रुग्णांना फायदा दिसला, तोही थोडाच.

स्टेरॉइडची गोष्ट मात्र वेळेची आहे. पहिल्या आठवड्यात शरीर विषाणूशी झुंजत असतं. तेव्हा स्टेरॉइड दिलं तर प्रतिकारच लुळा पडतो. नंतर शरीराच्या स्वतःच्या माऱ्याने फुप्फुसं सुजतात आणि ऑक्सिजन उतरतो, तेव्हा हे औषध कामाला येतं. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना ‘रिकव्हरी’त काहीच फायदा दिसला नाही. म्हणजे बघायचा होता तो बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा. आपण सीटी स्कॅनच्या स्कोअरवर अडून बसलो. साध्या तापाला घरी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या, स्टेरॉइडने वाढणारी साखर तपासायची राहून गेली, आणि मे महिन्यात म्युकरमायकोसिस, म्हणजे काळी बुरशी, आला. लोकांचे जबडे गेले, डोळे गेले. मग त्यावरच्या अ‍ॅम्फोटेरिसिन इंजेक्शनसाठी नव्याने वणवण सुरू झाली.

दोष एकट्या डॉक्टरांवर टाकणं मला पटत नाही. खाटा भरलेल्या, माणसं अपुरी, आणि नातेवाइकांचा आग्रह की ‘काहीतरी भारीचं द्या’. पण कोणतं औषध, कशासाठी, किती दिवस, हे दोन ओळींत मराठीत लिहून दिलं असतं, तर निम्मी धावाधाव थांबली असती असं मला ठामपणे वाटतं. आजही बहुतेकांच्या डिस्चार्ज कार्डावर ते वाचता येईल असं नसतं.

म्हणून सांगतो, पुढच्या वेळी घरातलं कुणी ॲडमिट झालं तर स्टेरॉइड दिलं का, किती दिवस, साखर किती होती, हे विचारा. औषधांच्या तक्त्याची प्रत लेखी अर्ज करून मागा. वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार ती ७२ तासांत द्यावी लागते.