आधी खेळाचे तास मोजा




‘मुलींची हाडे नाजूक, त्यांना कबड्डी झेपत नाही’ हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा निष्कर्ष घाईचा आहे. दुखापतींची नुसती बेरीज करून धोका कळत नाही; दर हजार तासांच्या खेळामागे त्या किती, हे पाहावे लागते. फुटबॉल-बास्केटबॉलमध्ये गुडघ्याचा ‘एसीएल’ हा अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण मुलींत मुलांच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक आढळते, हे खरे. पण उडीनंतर पाय टेकताना गुडघा आत वळणे हे त्याचे एक मोठे कारण आहे आणि ते सरावाने सुधारते. नॉर्वेतील १३ ते १७ वर्षांच्या फुटबॉलपटू मुलींवरील, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत केवळ २० मिनिटांच्या शिस्तबद्ध वॉर्म-अपने गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या.

आपल्याकडे अनेक शाळांत मुलांचा सराव आटोपल्यावर उरलेल्या वेळात मुलींना मैदान मिळते. अंग मोकळे न करताच त्या पकडीला उतरतात. मग घोटा मुरगळला की दोष शरीराला!

मुख्याध्यापकांनी दुखापतींची नोंदवही ठेवावी. खेळ, सरावाचे तास आणि दुखापत कशी झाली, हे त्यात लिहावे. मुलींना मैदानाबाहेर काढण्यापूर्वी एवढे तरी करावे.

– एक क्रीडाशिक्षिका, सातारा