कायद्याची ओळख : नादारीचा अर्ज करण्याआधी



देणे डोईजड झाले की नादारीचा विचार मनात येतो. ‘कोर्टात अर्ज दिला की सगळ्यातून सुटलो’ असा पुष्कळांचा समज आहे. तो पुरा खरा नाही.

समजा, तुमची चार एकर शेती आहे आणि बाजारगावी खत-औषधांचे दुकान. उधारी थकली, दुकान बसले. पिकाच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, म्हणून तुम्ही दुकानाचेही विवरणपत्र कधी भरले नाही. चूक इथेच झाली. दुकानाचा नफा, भाड्याने दिलेल्या ट्रॅक्टरची कमाई, दुधाचे व कोंबड्यांचे उत्पन्न शेतीचे धरत नाहीत. ते ठरलेल्या मर्यादेवर गेले, तर विवरणपत्र भरावेच लागते.

खेड्यातल्या साध्या कर्जदाराला १९२० चा प्रांतिक नादारी कायदा लागतो. त्याच्या कलम ६१ प्रमाणे वाटणीत सरकारी देणे पहिल्या रांगेत असते. कलम ४४ प्रमाणे मुक्ततेचा हुकूम झाला तरी ते माफ होत नाही. म्हणजे उसनवारी सुटेल, पण कर मानगुटीवर राहील. विवरणपत्र नसेल तर अधिकारी स्वतःच्या अंदाजाने कर बसवू शकतो. शिवाय मागच्या तीन वर्षांच्या धंद्याच्या वह्या नीट नसतील, तर कोर्ट बिनशर्त मुक्तता देत नाही.

म्हणून आधी घरातली ट्रंक उघडा. रोजकीर्द, खतावणी, पासबुके, खरेदीची बिले वर्षवार लावा. उधारीची वही बहुधा घरच्या बाईंना जास्त ठाऊक असते, त्यांना जवळ बसवा. मग करसल्लागाराकडे जा. करनिर्धारण वर्ष संपल्यापासून ४ वर्षांपर्यंत राहिलेले विवरणपत्र भरता येते. मात्र कर व व्याजावर २५ ते ७० टक्के जादा रक्कम आधी भरावी लागते. जितका उशीर, तितका भार. तेवढे पैसे नसतील, तर निदान हिशेब पुरा करा आणि नादारीच्या अर्जातल्या देण्यांच्या यादीत कराचे देणेही दाखवा. लपवू नका.

एक शेवटचे. भीतीपोटी जमीन मेव्हण्याच्या नावावर करू नका. अर्जानंतर नादार ठरलात, तर मागच्या दोन वर्षांतली अशी फुकट बदली रद्द होऊ शकते. औते, बैल, बियाणे व शेतकऱ्याचे राहते घर यांना दिवाणी कायद्याने जप्तीपासून संरक्षण दिलेलेच आहे.

हिशेब उघडा ठेवणाऱ्याची अब्रू कोर्टात जात नाही.